बार काढला की कानात शिट्टी, आणि मशीन ऐन रात्री बंद: कमी ऐकू येणाऱ्या जागलकऱ्यांसाठी

भाद्रपद सरत आला की धान निसवतो आणि आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड भागात बांधीबांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यावाफ्यात, मचाणी उभ्या राहतात. तिथून धान कापून पुंजणे (धानाचे ढीग) लागेपर्यंत घरचा एक तरी माणूस रोज रात्री वावरात असतो. डुक्कर येतात, रोही (नीलगाय) येतात, चितळांचा कळप एका रात्रीत अर्धी बांधी सपाट करतो. मी बत्तीस वर्षं जागल करतो आहे. डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही याला अकरा वर्षं झाली, कानाची मशीन लावतो याला सहा.

दरवर्षी याच दोन-तीन महिन्यांत आजूबाजूच्या गावांतले लोक तेच विचारत येतात. बार काढला की कान सुन्न होतो आणि सकाळपर्यंत आत शिट्टी वाजत राहते. मशीन घरी बरी चालते, मचाणीवर गेली की किंचाळते नाहीतर रात्री दोनला बंद पडते. तिसरी अडचण कोणी मोठ्याने बोलत नाही: आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. वाघ-अस्वलाच्या मुलखात ही तिसरी सगळ्यात वाईट. या तिन्हींवर मला जे लागू पडलं आणि कानाच्या डॉक्टरांकडून जे समजून घेतलं, ते इथे लिहितो.

एक गोष्ट आधीच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, त्यामुळे शिकार कशी करावी हे यात नाही. आमच्याकडची बंदूक वडिलांच्या नावाची, पीक राखण्याच्या परवान्याची भरमार. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. आम्ही तिचा हवेत बार काढायचो, जनावर पळवायला. वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन कोणी डुक्कर मारत असेल तरी बंदुकीमागचा कान माझ्यासारखाच असतो, म्हणून खालचं त्यालाही लागू आहे.

पहिली खूण रातकिड्यांची

मला कमी ऐकू येतं हे मला माणसांच्या बोलण्यावरून कळलं नाही. एका वर्षी श्रावणात मला वाटलं, यंदा रातकिडे नाहीत. पाऊस बरा झाला होता, बोडी (लहान तळं) भरली होती, बेडूक ओरडत होते, पण किर्र आवाज नाही. फवारे वाढले, किडे मेले असतील, असं मी दोन वर्षं म्हणत राहिलो. मग एका रात्री पुतण्या सोबत आला. सोलरच्या दिव्याखाली बसून मी सहज म्हटलं, पूर्वी रातकिडे किती असायचे. तो माझ्याकडे बघतच राहिला. "मोठेबाबा, कान फाटाले आले रातकिड्यांनी, अन् तुमाले आयकू नाई येत का जी?"

त्याच कार्तिकात दुसरी गोष्ट घडली. बांधीच्या धुऱ्यावर (बांधावर) डुक्कर धान चावत होते. लोंब्या चावण्याचा तो ओला, कुरकुरता आवाज जागल करणाऱ्या प्रत्येकाला झोपेतही ओळखू येतो. ते मचाणीपासून वीस पावलांवर होते. पुतण्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा मला कळलं. मी जागा होतो, त्याच दिशेला तोंड करून बसलो होतो.

बंदुकीचा बार, सुतळी बॉम्ब, थ्रेशर अशा मोठ्या आवाजाने जाणारा कान अंधारात विझणाऱ्या दिव्यासारखा एकदम जात नाही. आतल्या कानात, शंखासारख्या वळणाच्या नळीत, बारीक केस असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशी असतात. बारीक, चिरक्या आवाजाच्या पेशी नळीच्या तोंडाशी, जाड आवाजाच्या खोल आत. मोठ्या आवाजाचा मार आधी 3000 ते 6000 हर्ट्झच्या पट्ट्यातल्या पेशींवर बसतो. रातकिडे, टिटवीच्या हाकेचं टोक, सागाच्या वाळल्या पानावर पडलेलं पाऊल, बोलण्यातले स, श, च, त, सगळं याच पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास. जाड आवाज शाबूत राहतात. म्हणून माणसाला वाटतं की मला तर ऐकू येतं, लोकच पुटपुटतात. मेलेल्या पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. डॉक्टरांनी मला ऐकण्याच्या तपासणीचा आलेख दाखवला तेव्हा रेघ सरळ चालत येऊन 4000 हर्ट्झवर विहिरीसारखी खाली गेलेली होती, आणि डाव्या कानाची विहीर उजवीपेक्षा खोल.

डावा का? मी उजव्या खांद्याला दस्ता लावतो. मान वळते, डावा कान बंदुकीच्या नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला जातो. डावखुऱ्या माणसाचं उलटं. बंदूक वापरणाऱ्या कोणाचाही एक कान जास्त गेला असेल तर डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.

बार काढल्यावर कान सुन्न, आत शिट्टी

ही शिट्टी म्हणजे कानाला मार लागल्याची खूण आहे. सहसा एक-दोन दिवसांत कान मोकळा होतो आणि माणूस विसरतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. असं दहा-वीस हंगाम चाललं की एक दिवस शिट्टी जायचीच थांबते. कान मोकळा झाला म्हणजे पूर्वीसारखा झाला, असंही नाही. 2009 साली उंदरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ऐकण्याची पातळी परत आली होती, पण पेशी आणि नस यांच्यामधले बरेच जोड कायमचे तुटलेले होते. गोंगाटात बोलणं न समजणं यामुळेच होत असावं, असं आता मानलं जातं.

शिट्टी वाजत असेल तर पुढचे दोन दिवस कानाला पूर्ण विसावा द्या. त्या रात्री दुसरा बार नाही, दुसऱ्या दिवशी थ्रेशर नाही, लग्नाच्या डीजेजवळ जाणं नाही. कानात तेल घालू नका. आमच्याकडे कान दुखला की लसूण टाकून कोमट केलेलं तेल कानात सोडतात. पण जवळून झालेल्या बाराने पडदा फाटलेला असू शकतो. एकदम कळ आली, थोडं रक्त किंवा पाणी आलं, शिंकरताना कानातून हवा निघाल्यासारखं वाटलं, तर पडदा फाटला समजा. लहान भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतं, अट एकच की आत पाणी, तेल, काडी काही जाऊ नये. अंघोळीच्या वेळी कापसाला व्हॅसलीन लावून कान बाहेरून बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

एका बाबतीत मात्र एक दिवसही थांबू नका. एक कान रात्रीतून किंवा दोन-तीन दिवसांत अचानक गेला, सोबत चक्कर असो वा नसो, बार काढलेला असो वा नसो, तर ती तातडीची गोष्ट आहे. त्यावर स्टेरॉइडचा उपचार असतो आणि तो जितक्या लवकर सुरू होईल तितका उपयोगी पडतो. पहिले दोन आठवडे हातचे घालवले तर फार थोडं उरतं. धान कापून झाल्यावर जाऊ, असं म्हणून माझ्या ओळखीच्या एका कास्तकाराने महिना काढला. त्याचा तो कान परत आला नाही.

औषधांचाही एक मुद्दा आहे, आमच्या हिवतापाच्या भागात तो सांगितलाच पाहिजे. क्विनाइनने कानात शिट्टी वाजू शकते, बहुधा औषध थांबल्यावर ती जाते. अमिकासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं मात्र कान कायमचा नेऊ शकतात. आधीच कमी ऐकू येत असेल तर सुई घेण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. औषध आपल्या मनाने बंद करू नका.

आवाज किती मोठा असतो

डेसिबलचा हिशोब साध्या बेरजेचा नाही. 10 डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ताकद दहापट झाली. 85 डेसिबल दिवसाचे आठ तास चालतो. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 94 ला एक तास, 100 ला पंधरा मिनिटं. बिनकेबिनचा ट्रॅक्टर आणि थ्रेशर 90 ते 100 च्या मधे असतात. म्हणजे धान चुरण्याचा एक दिवसच कानाचा आठवड्याचा वाटा खाऊन टाकतो. लोक फक्त बंदुकीला दोष देतात, थ्रेशरला कोणी देत नाही.

बंदुकीचा बार 140 डेसिबलच्या वरच असतो, बारा बोअरचा 150 ते 165 पर्यंत जातो. इथे वेळेचा हिशोबच संपतो, एकच बार पुरे. फटाक्यांसाठी सरकारने 1999 पासून मर्यादा घातली आहे: फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर आवाजाच्या शिखराला, म्हणजे सर्वांत मोठ्या क्षणाला, जास्तीत जास्त 145 डेसिबल. म्हणजे नियमात बसणारा सुतळी बॉम्बसुद्धा चार मीटरवर कानाला धोक्याचाच. अंतर दुप्पट केलं की साधारण 6 डेसिबल कमी होतात. चार मीटरवरचे 145 सोळा मीटरवर 133 होतात. म्हणून बॉम्ब मचाणीच्या पायथ्याशी टाकू नका. जागा दिवसाउजेडी ठरवून ठेवा, लांब धुऱ्याच्या टोकाशी, तणसाच्या ढिगापासून दूर.

टिनाच्या छपराखाली बार काढणं सगळ्यात वाईट. आवाज छपरावर आपटून परत कानात येतो. नळीचं तोंड छपराच्या कडेबाहेर पाहिजे. आम्ही मचाणीचं टिन काढून गवताचं छप्पर केलं, त्याने बराच फरक पडला. थंडीही कमी लागते.

पाइपात कार्बाइड आणि पाणी टाकून गॅस लायटरने उडवायची जी बंदूक माकडं-डुकरांसाठी घरोघर झाली आहे, ती मी कोणाला करू देत नाही. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू होतो आणि तो प्लॅस्टिकच्या पाइपात कोंडलेला असतो. न फुटल्यावर माणूस आत डोकावून बघतो आणि तेव्हाच ती फुटते. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात या बंदुकांनी कितीतरी मुलांचे डोळे जखमी झाले. डोळ्याची जखम दिसते, कानाची दिसत नाही. त्या मुलांच्या कानांचं काय झालं असेल हा विचार मला सोडत नाही.

बोळे घातले तर वाघ कसा ऐकू येईल

कान वाचवायचं म्हटलं की हा प्रश्न येतोच, आणि तो खरा आहे. ताडोबाच्या कडेची गावं, ब्रह्मपुरीकडचं जंगल, तिकडे टिपेश्वर, नवेगाव-नागझिरा, इथे रात्रभर कान बंद करून बसा असं मी कोणाला सांगणार नाही. कान बंद करायचा तो फक्त बाराच्या घटकेपुरता.

आमची पद्धत अशी आहे. मचाणीवर दोघं. ज्याला चांगलं ऐकू येतं तो ऐकतो आणि टॉर्च मारतो. ज्याला कमी येतं तो बार काढतो किंवा बॉम्ब पेटवतो. बाराआधी तोंडाने "कान!" असं म्हणायचं. दोघांनी बोळे घालायचे, एकमेकांकडे बघून मान हलवायची, मगच बार. बार झाल्यावर ऐकणाऱ्याने लगेच बोळे काढायचे. दोरीने जोडलेले बोळे मिळतात, ते गळ्यात अडकलेले राहतात, अंधारात चाचपडावं लागत नाही. डुक्कर तेवढ्या वेळात पळून जाईल म्हणाल तर उत्तमच, पळवायलाच तर आलो आहोत.

बोळे म्हणजे कापसाचे नव्हेत. आपण कापूस पिकवणारी माणसं, हाताला पहिला कापूसच येतो. पण कापूस आवाज फार थोडा अडवतो आणि बंदोबस्त झाल्याचं समाधान तेवढं देतो. मेडिकलमध्ये किंवा वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात, दहा-वीस रुपयांना जोडी. घालायची रीत नीट शिका, कारण बहुतेक लोक ते कानाच्या दारात ठेवतात. कोरड्या, स्वच्छ बोटांनी बोळा विडीसारखा वळायचा, इतका की तो काडीएवढा बारीक होईल. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा. कानाची वाट सरळ होते. बोळा आत सरकवायचा आणि बोटाने अर्धा मिनिट दाबून धरायचा. तो आत फुगतो. नीट बसला की आपलाच आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. तसा नाही आला तर काढून पुन्हा घाला. पाकिटावर 33 डेसिबल लिहिलेलं असलं तरी अर्धवट घातलेल्या बोळ्यातून त्याच्या निम्मंही मिळत नाही. मी घरी दिवसा वीस-पंचवीस वेळा सराव केला, तेव्हा कुठे अंधारात हात बसला.

वरून हेडफोनसारखे मफ घातले तर आणखी सुमारे 5 डेसिबल आडोसा मिळतो. बोळे आणि मफ यांच्या आकड्यांची बेरीज होत नाही, पण बंदुकीसाठी तेही हवेतच. चष्म्याची काडी किंवा रुमालाची घडी मफखाली आली तर फट राहते, तेवढं बघा.

इलेक्ट्रॉनिक मफ नावाचा एक प्रकार आहे. त्याच्या बाहेर माईक असतो. पाचोळ्याचा आवाज तो मोठा करून ऐकवतो आणि बार झाला की क्षणात आवाज तोडतो. काही हजार रुपये लागतात. ज्याचा कान अजून चांगला आहे, आणि ज्याला पंचवीस वर्षं जागल करायची आहे, त्या पोराला मोबाइल घेऊन देण्याआधी हा घेऊन द्या असं मी स्पष्ट सांगतो. कमी ऐकू येणाऱ्या माणसालाही त्यातून पाचोळा ऐकू येतो, फक्त दिशा त्यातून तितकी नीट कळत नाही.

आवाज येतो, दिशा कळत नाही

दिशा दोन कानांच्या हिशोबातून कळते. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोचतो, फरक एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, आणि डाव्या कानाला तो थोडा मोठा लागतो. मेंदू एवढ्यावरून दिशा काढतो. एक कान जास्त गेला की सगळं चांगल्या कानाच्या बाजूनेच येतंय असं वाटतं. माझ्यासाठी प्रत्येक डुक्कर उजवीकडे असतं. एकदा मी उजवीकडे टॉर्च मारून उतरायला निघालो आणि अस्वल डावीकडे बोरीच्या जाळीत होतं. पुतण्याने शर्ट धरून मागे ओढलं.

त्या दिवसापासून काही गोष्टी पक्क्या केल्या. कमी ऐकू येणारा माणूस एकटा जागलीला जात नाही, अंधारात मचाणीवरून आधी उतरत नाही. मचाणीवर चढल्यावर मी खांबाला टेकून असा बसतो की माझा चांगला कान जंगलाकडे आणि वाईट कान गावाकडे. आवाज आला की डोकं सावकाश इकडून तिकडे फिरवतो. ज्या ठिकाणी आवाज सर्वांत मोठा लागतो तिथे डोकं थांबवतो, चांगला कान ज्या बाजूला वळलेला असतो ती दिशा धरतो, मग पुतण्याला बोटाने विचारतो. दोघांचं बोट एकाच दिशेला गेलं तरच टॉर्च.

कानाचं काम दुसऱ्यांवरही सोपवता येतं. धुऱ्यावर हालचाल झाली की पेटणारे सोलर दिवे लावले, ते दिसतात, ऐकावे लागत नाहीत. डब्यांचा खुळखुळा मला उपयोगाचा नव्हता, म्हणून त्याच तारेला सुतळी बांधून तिचं टोक मचाणीवर मनगटाला गुंडाळतो. तारेला धक्का लागला की हाताला कळतं. कुत्रा मचाणीखाली बांधू नका, बिबट त्याच्यासाठीच येतो.

जंगलाची भाषा ऐकायला चांगला कान लागतो, पण तिच्यातला काही भाग जाड आवाजाचा आहे आणि तो उरलेल्या कानाला सापडतो. सांबराचं "पोंक", भेकराचं भुंकणं, वानराचं खेकसणं मला अजून ऐकू येतं. चितळाचा बारीक इशारा निसटतो. पुतण्याला मी सांगून ठेवलं आहे, चितळ बोललं की मला कोपराने ढोस.

मशिनीच्या तक्रारी

किंचाळण्यापासून सुरू करतो, कारण हे विचारणारे सर्वांत जास्त. मशिनीतून निघालेला आवाज फटीतून बाहेर येऊन पुन्हा तिच्याच माईकमध्ये शिरला की ती किंचाळते. घरी नीट आणि मचाणीवर किंचाळते, याचं कारण बहुतेक वेळा डोक्याचा रुमाल किंवा कानटोपी असते. थंडीत आपण कानावरून रुमाल घट्ट आवळतो, माईक झाकला जातो आणि आवाज परत फिरतो. रुमाल कपाळावरून घेऊन कानाच्या मागे गाठ मारा, कान उघडा ठेवा, मफलर मानेपुरताच. तरी किंचाळली तर कानातला साचा सैल झाला असेल, माणूस वाळला की कानाची वाटही बदलते, तो पुन्हा करून घ्यावा लागतो. कानात मळ साचला तरी असंच होतं. तो काडीने काढू नका, डॉक्टरांकडून काढून घ्या.

वाऱ्याची खरखर: उघड्या मचाणीवर वारा माईकवर घासतो आणि बाकी सगळं बुडतं. वाऱ्याकडे पाठ करून बसा. मशिनीत दुसरा प्रोग्राम असेल तर ती बसवून देणाऱ्याला सांगा की मी रात्री वावरात बसतो, तिथला वारा कमी करून द्या. हे सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाही. ते घरातल्या बोलण्यासाठी मशीन बसवून देतात.

रात्री दोनला बंद: बटणासारखे सेल हवेवर चालतात. पाठीवरची पट्टी काढली की भोकातून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. पट्टी काढून लगेच बसवू नका, एक-दोन मिनिटं उघडा ठेवा, मग लावा, जास्त टिकतो. पट्टी परत चिकटवून सेल झोपत नाही, काढली की काढली. पट्टीचा रंग लक्षात ठेवा: 10 नंबर पिवळा, 312 तपकिरी, 13 नारिंगी, 675 निळा. दुकानात नंबर विसरला तरी रंग सांगता येतो. सेलचं जादा पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा, अंगाच्या उबेत. गार पडलेला सेल लवकर दम सोडतो. चार्जिंगची मशीन असेल तर पूर्ण चार्ज करूनच निघा, आमच्याकडे लाईनचा भरवसा नाही.

सगळ्यात जास्त मशिनी मेल्या त्या दहिवराने आणि घामाने. नळीत थेंब दिसला तर तोंडाने फुंकू नका, तोंडाची वाफही ओलीच. रबरी फुगा मिळतो, साचा मशिनीपासून काढून त्याने हवा मारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मशीन म्हणजे कानाचं संरक्षण नव्हे. बंद करून कानात ठेवली तरी नव्हे, कारण साच्याला हवेचं भोक असतं आणि बाराचा आवाज तिथून सरळ आत जातो. माझी पहिली मशीन मी आठवडी बाजारातल्या एका तंबूतून घेतली होती, तपासणी न करता. ती मशीन नव्हतीच, सगळंच मोठं करणारा डबा होता, बारसुद्धा. उरलेल्या कानाचं नुकसान त्या दोन हंगामांनी केलं असं मला वाटतं. बार काढायचाच असेल तर मशीन काढून डबीत ठेवा आणि फोमचा बोळा घाला. जाड मफ मशिनीवरून घालता येतो, पण ती किंचाळते आणि आडोसा एकट्या मफाचाच राहतो.

तपासणी आणि पैसे

जिल्हा रुग्णालयात किंवा नागपूर, चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, होते. वर्ध्याकडच्यांना सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय जवळ. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. आदल्या दोन दिवसांत बार, थ्रेशर, डीजे काही नको, नाहीतर खोटा वाईट आलेख येतो. आलेखाचा कागद जपून ठेवा, पुढच्या वर्षी तुलना त्याच्याशीच करायची असते.

अपंगत्वाचा दाखला निघत असेल तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मशीन मिळू शकते. साठीच्या पुढच्या गरीब घरातल्या माणसांसाठी 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, त्यातही कानाची मशीन येते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल कमी ऐकू येणाऱ्याला श्रवणदोष धरतात, 70 च्या पुढे बधिर. एकच कान गेलेल्याला यात फार काही मिळत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. एका कानाने जंगलाच्या कडेला रात्र काढणं काय असतं ते दाखल्याच्या तक्त्यात मावत नाही.

बारच कमी करा

बोळे, मफ सगळं ठीक, पण जो बार निघालाच नाही त्याने कान जात नाही. डुक्कर आवाजाला सरावतंही. पहिले चार दिवस पळतं, पाचव्या दिवशी धुऱ्यापलीकडे थांबून वाट पाहतं. आम्ही तीन वर्षांपूर्वी सोलरची झटका मशीन बसवली. जंगलाला लागून असलेल्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं, वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. झटका म्हणजे थांबून थांबून येणारा ठोका, जनावर दचकून मागे फिरतं. खांबावरची लाईन थेट तारेत सोडणं वेगळं. त्याने वाघ मेले आहेत, शेजारची माणसंही मेली आहेत, आणि तो गुन्हा आहे.

झटका मशीन लागल्यापासून आमचे बार हंगामाला तीन-चारवर आले. पूर्वी एका रात्रीत तेवढे व्हायचे. तारेखालचं गवत मात्र दर आठवड्याला कापावं लागतं, ओलं गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो. त्याच्या टिकटिकीवरून तार चालू आहे का ते लोक ओळखतात. मला ती टिकटिक ऐकू येत नाही, म्हणून तार तपासायचा टेस्टर घेतला, त्याचा दिवा लागतो.

सकाळी मचाणीवरून उतरल्यावर मशिनीच्या सेलचं दार उघडून ठेवा, कोरड्या फडक्याने पुसा आणि घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या गोळ्यांवर ठेवा. गोळ्यांचा रंग बदलला की नव्या टाका. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, कोंडा माईकमध्ये जातो. डबी फ्रिजवर नको, चुलीजवळ नको. माझी डबी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात असते. पुतण्याचे बोळे त्याच कोनाड्यात, वेगळ्या डबीत, साबणाने धुऊन वाळवलेले. चार-पाच वेळा धुतले की फोम ढिला पडतो आणि वळला तरी आत फुगत नाही. तेव्हा ते टाकून नवे घ्या.